हरणांपासून पीक राखताना : शेतातला माळा कसा बांधावा?

हरभऱ्याला घाटे धरू लागले, कोवळी ज्वारी गुडघ्याला लागली, की कड्याच्या आसपासच्या शिवारात संध्याकाळी एक दृश्य हमखास दिसते. जेवणाचा डबा, घोंगडी आणि बॅटरी घेऊन माणसे गावातून शेताकडे निघालेली असतात. दिवसभर रानात राबून झालेले असते, तरी रात्रीही तिथेच काढायची असते. हरणांचा कळप उतरला तर हरभऱ्याचे शेंडे सकाळपर्यंत शिल्लक राहत नाहीत. रानडुकरे शिरली तर खाण्यापेक्षा तुडवण्यातच जास्त जाते. आष्टी तालुक्यासारख्या कमी पावसाच्या भागात हाताशी आलेले पीक असे जाऊ देणे कुणालाच परवडत नाही. म्हणून राखण करावीच लागते.

सरकारी रुग्णालयात या राखणीची दुसरी बाजू दिसते. ‘‘डॉक्टरसाहेब, रात्री हरणं हाकलायला गेलो होतो,’’ या वाक्याने सुरू होणाऱ्या हकिगती आम्ही हंगामात अनेकदा ऐकतो. कुणाला साप चावलेला असतो, कुणी माळ्यावरून पडलेला असतो, कुणाचा डोळा भाजलेला असतो. कुणाला काहीच झालेले नसते, फक्त महिनाभर झोप न झाल्याने साखर आणि रक्तदाब दोन्ही हाताबाहेर गेलेले असतात. कारणे वेगवेगळी असली तरी यातले बरेचसे टाळता येण्यासारखे असते. त्याची सुरुवात राखणदार रात्री कुठे बसतो आणि कुठे झोपतो, यापासून होते. म्हणून आज औषधाऐवजी माळ्याबद्दल बोलू.

शिकाऱ्याचा आडोसा आणि राखणदाराचा माळा

हरणाच्या वाटेवर आडोसा करून बसण्याची कला जुनी आहे. मोकळ्या माळावर काळविटाच्या जवळ जाण्यासाठी जुने शिकारी बैलाच्या किंवा बैलगाडीच्या आडून चालत. कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी पाळीव चित्ते ठेवलेले असत. अमेरिकेत आजही हरणांच्या शिकारीचा कायदेशीर हंगाम असतो. तिथले शिकारी जमिनीवर कापडाची छोटी राहुटी उभारतात, तिच्यावर आजूबाजूचे गवत आणि फांद्या लावतात, आतून काळोख ठेवतात आणि वारा आपल्याकडून हरणाकडे जाणार नाही अशी जागा निवडतात. आत माणूस आहे हे हरणाला कळू नये, हा त्या सगळ्या खटाटोपाचा उद्देश.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बंद झाले. काळवीट आणि चिंकारा हे दोन्ही प्राणी या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना मारल्यास किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद होऊ शकते. फास लावणे, विष टाकणे, तारेत वीज सोडणे हे सगळे त्यात आले. पीक खाल्ले म्हणून प्राणी मारण्याचा अधिकार शेतकऱ्याला मिळत नाही.

तेव्हा आपल्या राखणदाराचे काम शिकाऱ्याच्या नेमके उलट आहे. हरणाने जवळ यावे म्हणून शिकारी लपतो. हरणाने जवळ येऊच नये म्हणून राखणदाराने दिसायला हवे, ऐकू यायला हवे आणि त्याचा वासही जायला हवा. ही गोष्ट लक्षात ठेवली तर माळ्याची जागा, उंची आणि बांधणी यांचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. शिवाय जो माणूस हरणाला दिसतो तो बिबट्यालाही माणूस म्हणून दिसतो आणि वाटेने जाणाऱ्या शेजाऱ्यालाही. लपून बसलेल्या राखणदाराला धोका जास्त असतो.

हरणाला काय दिसते?

आपण ज्याला हरीण म्हणतो तो या भागात मुख्यतः काळवीट असतो. शेजारच्या कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे अभयारण्य १९८० मध्ये खास त्याच्यासाठीच झाले. शास्त्राच्या भाषेत काळवीट हा सांबर-चितळांच्या कुळातला नाही. सांबराची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात, काळविटाची शिंगे जन्मभर तीच राहतात. तो मोकळ्या माळरानाचा प्राणी आहे. संकट आले की लपायचे नाही, लांबून पाहायचे आणि पळायचे, ही त्याची रीत. वेगाच्या बाबतीत भारतातल्या वन्य प्राण्यांत तो अगदी वरच्या क्रमांकावर आहे.

म्हणून त्याची नजर हेच त्याचे मुख्य शस्त्र. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान न वळवता त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. हालचाल त्याला चटकन कळते, पण स्थिर वस्तूकडे तो लवकरच दुर्लक्ष करायला शिकतो. एकाच जागी महिनाभर उभे असलेले बुजगावणे निरुपयोगी ठरते ते यामुळेच. रंगांच्या बाबतीतही आपल्यात आणि खूर असलेल्या प्राण्यांत फरक आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, त्यांच्या डोळ्यांत दोनच. निळा रंग त्यांना चांगला दिसतो, तांबडा आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. अमेरिकेतले शिकारी भडक नारिंगी अंगरखा घालतात तो यामुळेच. बरोबरच्या माणसांना तो लांबून दिसतो, हरणाला मात्र त्याचे विशेष काही वाटत नाही.

आपल्याकडे बांधावर जुन्या साड्या बांधण्याची पद्धत आहे. त्यात लाल साडीपेक्षा निळी किंवा पांढरी साडी हरणाच्या नजरेत जास्त भरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती ताणून न बांधता फडफडती ठेवावी आणि चार-आठ दिवसांनी तिची जागा बदलावी. बुजगावण्यालाही हाच नियम.

काळवीट मुख्यतः दिवसा वावरणारा प्राणी आहे. त्याच्या चरण्याचा जोर पहाटे आणि संध्याकाळी असतो, माणसांची वर्दळ जास्त असेल तिथे तो रात्रीही येतो. रात्रभराचा खरा ताप रानडुकरांचा असतो. पीक उंच आणि दाट झाले की काळवीट त्यात शिरायला कचरतो, कारण त्याला पुढचे दिसत नाही. डुकराला मात्र तेच हवे असते. आपल्या शेतात कोण येते हे खुरांच्या ठशांवरून आणि लेंड्यांवरून ओळखता येते. त्यावरून राखण कधी करायची हे ठरवावे. फक्त हरणांचा त्रास असेल तर सगळी रात्र जागून काढण्यापेक्षा संध्याकाळची आणि पहाटेची वेळ सांभाळणे अनेकदा पुरते.

जमिनीवर झोपू नये

माळ्याची पहिली आणि सर्वांत मोठी गरज सापामुळे आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावल्याचा अंदाज संशोधकांनी २०२० मध्ये मांडला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले आहेत.

नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. राखणदाराच्या दृष्टीने यात मण्यार वेगळी. ती रात्री फिरते, उंदीर आणि इतर साप शोधत खोपीत शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. तिचे दात बारीक असतात. चावल्याची जागा दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा खूण सापडतच नाही. माणूस पुन्हा झोपी जातो. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, घसा धरल्यासारखा वाटतो. ‘‘रात्री थंडी बाधली असेल,’’ असे म्हणून घरचे ओवा-सुंठ देतात. तोवर पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही.

हे का होते? मज्जातंतूकडून स्नायूला ‘हाल’ असा निरोप एका रसायनामार्फत जातो. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकालाच निकामी करते, त्यामुळे निरोप पुढे जात नाही. आधी पापण्या, मग घसा आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. एकदा निकामी झालेले टोक लसीने लगेच दुरुस्त होत नाही. सर्पविषावरची लस रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते. म्हणून ती जितकी लवकर मिळेल तितकी उपयोगी. असा रुग्ण डोळे मिटून निपचित पडलेला दिसला तरी आतून शुद्धीवर असू शकतो, आपले बोलणे त्याला ऐकू येत असते. वेळेत कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाला तर अशी माणसे पूर्ण बरी होऊन चालत घरी जातात.

रानात झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन उठला, तर साप दिसला नसला तरी मण्यार चावली असेल असेच समजून त्याला रुग्णालयात आणावे.

यावरचा प्रतिबंध स्वस्त आहे. जमिनीवर झोपू नये आणि मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. नेपाळच्या तराई भागात झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी असल्याचे दिसले. तीच मच्छरदाणी डासांपासून आणि विंचवापासूनही वाचवते.

बांधणी

माळा उंच असावा, पण फार उंच नसावा. अमेरिकेत झाडावरच्या बैठकीवरून पडून पाठीचा कणा मोडणे ही हरणांच्या शिकाऱ्यांची नेहमीची दुखापत आहे. आपल्याकडेही दहा-बारा फुटांच्या मचाणावरून झोपेत खाली आलेला माणूस तसाच जायबंदी होतो. हरणे आणि डुकरे हाकलायला एवढ्या उंचीची गरज नसते. जमिनीपासून चार फूट पुरे. एवढ्यावर साप सहसा येत नाही, डुकराची धडक लागत नाही, आणि पडलाच तर माणूस मोडत नाही.

जागा : शेताच्या मध्यापेक्षा प्राणी येण्याच्या बाजूला, पण पायवाटेजवळ असावी. बांधावरचे दाट झुडूप, दगडांचा ढीग, वारूळ, कडब्याची गंज यांपासून दूर असावी, कारण तिथे उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. माळ्यावरून विजेची तार जात नाही ना, हे पाहावे. एकट्या उंच झाडाखाली माळा कधीच बांधू नये. वाऱ्याच्या बाबतीत शिकाऱ्याचा नियम उलटा करावा. आपल्याकडून येणारा वारा प्राण्यांच्या वाटेकडे जाऊ द्यावा.

खांब : बाभळीच्या किंवा लिंबाच्या चार मजबूत मेढी दोन-दोन फूट खोल पुराव्यात आणि भोवती दगड-मुरूम ठोकून भरावा. चारही बाजूंना तिरके टेकू द्यावेत. माळा हलतो तो खांब बारीक असल्यामुळे नव्हे, टेकू नसल्यामुळे. गाठी सुतळीच्या नसाव्यात, जाड तारेने किंवा नायलॉनच्या दोरीने बांधाव्यात. दरवर्षी हंगामापूर्वी खांबांचा जमिनीलगतचा भाग वाळवीने पोखरला आहे का, हे कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून पाहावे.

बैठक : सहा फूट लांब आणि चार फूट रुंद. आडव्या बल्ल्यांवर फळ्या टाकाव्यात किंवा घरची बाज घट्ट बांधून ठेवावी. चारही बाजूंना दोन फूट उंचीचा कठडा हवाच. झोपेत कूस बदलताना माणूस पडतो, जागेपणी क्वचितच.

बाजू : मागची बाजू आणि दोन्ही कडा तारेच्या जाळीने छपरापर्यंत बंद कराव्यात, पुढची बाजू पाहण्यासाठी मोकळी ठेवावी. झोपताना तिच्यावरही जाळीची चौकट लावता येईल अशी सोय करावी. हे बिबट्यासाठी. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने काही दिवसांच्या अंतराने माणसे मारली. पुढे डिसेंबरमध्ये शेजारच्या करमाळा तालुक्यात त्याला गोळी घालून ठार करावे लागले. त्या दिवसांत लोक भरदुपारीही रानात जायला धजत नव्हते. बिबट्या सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. पण एकटा, वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्याला चटकन माणूस वाटत नाही. म्हणून दोघांनी मिळून राहावे, रेडिओ किंवा मोबाइलवर गाणी चालू ठेवावीत, आणि खाली उतरताना मोठ्याने बोलावे. हरीण पळवायला हाच आवाज उपयोगी पडतो.

छप्पर : ताडपत्री पुरे. पाचटाचे जाड छप्पर उबदार असते, पण त्यात उंदीर घर करतात. माळ्याखाली जळतण, कडबा, रिकामी पोती ठेवू नयेत. भोवतालचे दहा फूट गवत काढून जमीन साफ ठेवावी. भाकरीचे तुकडे तिथे टाकू नयेत.

शिडी : पायऱ्या खांबांना पक्क्या बांधलेल्या असाव्यात. साप चावण्याची एक ठरलेली वेळ म्हणजे रात्री लघवीला खाली उतरण्याची. आधी बॅटरीचा उजेड, मग पाय, असा नियम करावा. बूट माळ्यावरच ठेवावेत आणि घालण्यापूर्वी उलटे करून झटकावेत, कारण त्यात विंचू बसतो. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर कसा ताण येतो आणि प्राझोसिन या साध्या गोळीने जीव कसा वाचतो, हे जगाला दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मराठवाड्याच्याच मातीतले. विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या आणि थंड पडलेले हातपाय दिसले तर ते मामुली समजू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

थंडी, शेकोटी आणि धूर

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रानात चांगलीच थंडी असते. माळ्याला चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळून आत पाटीत निखारे ठेवण्याचा मोह होतो. तो जिवावर बेतू शकतो. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोके दुखते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. शेकोटी खाली, मोकळ्यावर, माळ्यापासून लांब आणि वाऱ्याच्या उलट बाजूला असावी, आणि झोपण्यापूर्वी विझवावी. अंगाला ऊब घोंगडीने द्यावी. कानटोपी आणि पायमोजे सर्वांत जास्त कामाला येतात.

तारेतली वीज आणि आभाळातली वीज

काही जण बांधावरच्या तारेत थेट लाइन सोडतात. ती तार माणूस आणि डुक्कर असा भेद करत नाही. २५ वॅटचा जुना पिवळा बल्ब जेवढा प्रवाह ओढतो तेवढा, म्हणजे साधारण शंभर मिलीअँपिअर प्रवाह छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडून ते थांबू शकते. शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते, मोटार चालू करायला माणसे अंधारात निघतात, आणि तारेला चिकटणारा बहुतेक वेळा ओळखीचाच कुणी असतो. कधी शेजारी, कधी स्वतःचाच मुलगा. हा गुन्हा तर आहेच, पण त्याआधी ते घरावर ओढवून घेतलेले मरण आहे.

सौर कुंपणाचे, म्हणजे झटका मशीनचे तसे नाही. ते साधारण सेकंदाला एकदा अगदी क्षणभराचा झटका देते. प्राणी दचकून मागे फिरतो, चिकटत नाही. मात्र मशीन मान्यताप्राप्त असावे, बॅटरीवर चालणारे असावे आणि त्याची तार घरच्या मेन लाइनला कधीही जोडू नये.

पावसाळ्याच्या आधी आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात वीज पडून माणसे जातात. माळा, खोप, पत्र्याचे शेड यांतले काहीही विजेपासून वाचवत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप आसपास वीज पडण्याचा इशारा देते. ते राखणदाराच्या मोबाइलमध्ये असावे. गडगडाट ऐकू आला की माळा सोडून पक्के घर गाठावे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नये. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर जोरात आणि वेगाने दाब देत राहावे. यात जीव परत येण्याची शक्यता खरोखर असते.

कार्बाइडची बंदूक

प्लॅस्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइडचा खडा आणि पाणी घालून आवाज काढण्याचे खेळणे आता रानोमाळ पोचले आहे. खडा आणि पाणी यांतून ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याचा स्फोट होतो. आवाज झाला नाही की माणूस नळीत डोकावून पाहतो, आणि नेमक्या त्याच क्षणी ती उडते. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा नळ्यांनी अनेक मुलांचे डोळे जायबंदी केले. यात दोन इजा एकदम होतात. एक भाजण्याची आणि दुसरी मागे उरणाऱ्या चुनखडीसारख्या दाहक पदार्थाची. डोळ्यात चुना गेल्यावर होते तसेच बुबुळ पांढरे पडते.

असे झाले तर डोळा चोळू नये. दिसणारे कण स्वच्छ ओल्या कापडाच्या टोकाने हलकेच काढावेत आणि वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धूत राहावा. दूध, मध, तूप काही घालू नये. मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. पत्र्याचा डबा वाजवला, गोफण फिरवली, तरी हरीण तेवढेच पळते.

झोपेची उसनवारी

राखणदाराच्या ज्या आजाराला कुणी आजार म्हणत नाही तो म्हणजे अपुरी झोप. सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या हाताची आणि नजरेची चपळाई बरीचशी दारू प्यायलेल्या माणसासारखी मंदावते, असे १९९७ मध्ये एका प्रयोगात दिसले. असा माणूस सकाळी मोटारसायकलवर दूध घालायला निघतो, ट्रॅक्टर चालवतो, मळणीयंत्रात हात घालतो. अपघाताची नोंद ‘तोल गेला’ एवढीच होते. बऱ्याच दिवसांच्या जागरणाने इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, रक्तदाब वाढतो, भूक अवेळी लागते. जाग राहावी म्हणून तंबाखू आणि दारू वाढते ती वेगळीच.

म्हणून राखण वाटून घ्यावी. चार-पाच शेजारच्या शेतांनी मिळून एक माळा आणि दोघा-दोघांची पाळी ठेवली तर प्रत्येकाला आठवड्यातून चार-पाच रात्री घरची झोप मिळते. पाळीतल्या रात्रीही एकाने झोपावे आणि एकाने जागावे. दुसऱ्या दिवशी दुपारी दीड-दोन तास झोप घ्यावी. ती आळस नव्हे, उसने घेतलेले फेडणे आहे. फिट येणारे, इन्शुलिन घेणारे, हृदयविकाराचे रुग्ण, नीट न दिसणारे वयस्कर आणि दारू प्यायलेले यांना एकट्याने माळ्यावर पाठवू नये. आजोबांना झोप येत नाही म्हणून त्यांनाच राखणीला पाठवण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. तिचा जरूर विचार करावा.

घात झालाच तर

साप चावला तर माणसाला धीर द्यावा, चालवू नये, चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. अंगठी, कडे, जोडवी काढावीत. करकचून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडाने ओढू नये, साप मारायला थांबू नये. उलट्या होत असतील तर कुशीवर झोपवून न्यावे. १०८ ला फोन करावा, आणि गाडी लवकर मिळत असेल तर तिनेच निघावे. सर्पविषावरची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. मांत्रिकाकडे घालवलेला तास नंतर कशानेही भरून निघत नाही.

माळ्यावर एवढ्या वस्तू कायम असाव्यात : चार्ज केलेला मोबाइल आणि जादा बॅटरी, शिट्टी, काठी, मच्छरदाणी, पाण्याचा कॅन, स्वच्छ पट्टी. आणि घरच्यांना माहीत असावे की आज कोण कुठल्या माळ्यावर आहे.

पीक गेलेच तर त्याचा मार्गही माहीत असावा. हरीण, रानडुक्कर यांसारख्या वन्य प्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई वन विभागाकडून मिळते. त्यासाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत अर्ज करून पंचनामा करून घ्यावा लागतो. नुकसानीचे फोटो लगेच काढून ठेवावेत. वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. भरपाईने सगळे भरून येत नाही, हे खरे. तरी खाल्लेल्या हरभऱ्याचा पंचनामा होतो, पुढच्या वर्षी तो पुन्हा पेरताही येतो. या हंगामात राखणीला जाण्याआधी एक दिवस काढून मेढी, कठडा आणि मच्छरदाणी तपासावी, म्हणजे पेरणारा शाबूत राहील.